सही झुंबरबाईंची

मुलांनो, एक वर्ग डोळ्यांसमोर आणा. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, भिंतीला टेकवलेला एक फळा. बाकं नाहीत, सतरंजीच्या सहा पट्ट्या आहेत. शेवटच्या पट्टीवर जरा सरका आणि तुम्हीही बसा. मुलींच्या बाजूला जागा मिळेल, कारण त्यांतल्या काहीजणी मधल्या सुट्टीनंतर परत येत नाहीत. त्या पाण्याला जातात.

बसलात? आता असं समजा, की हा वर्ग म्हणजे एक देश आहे. या देशाला राणी आहे, पण राज्य राणी करत नाही. ते कसं, हे मी त्या वर्गाला शिकवत होतो. साल १९९७, दिवाळीची सुट्टी नुकतीच संपलेली, वर्ग सातवीचा. गाव राजूरच्या रस्त्याला लागून आहे. त्याचं नाव सांगत नाही. गोष्ट ऐकलीत की का ते कळेल.

नागरिकशास्त्राच्या पुस्तकात चारच ओळी होत्या. आपली संसदेची पद्धत बरीचशी इंग्लंडकडून आली, तिथे राजा किंवा राणी असते, तरी कारभार लोकांनी निवडलेली संसद बघते. आपल्या शेजारच्या नेपाळातही त्या वेळी तसंच होतं. चार ओळींत मुलांना काही कळत नाही, म्हणून मी वर्गाचीच संसद केली.

आधी निवडणूक. सतरंजीच्या एकेका पट्टीनं आपले दोन सदस्य निवडायचे. सहा पट्ट्यांचे बारा सदस्य झाले. त्या बारांत ज्याच्या बाजूला जास्त, तो पंतप्रधान. सातजण कावेरीच्या बाजूला गेले, पाच वसंताच्या. कावेरी पंतप्रधान झाली आणि वसंता विरोधी पक्षाचा नेता.

"आन् राणीसाठी मतदान?" वसंतानं विचारलं. पंतप्रधानपद हुकल्यामुळे आता त्याचा डोळा त्या जागेवर होता.

"राणीला मत नसतं. ती जन्मानं ठरते. बघू, वर्गात सगळ्यांत मोठं कोण आहे."

मी हजेरीपट उघडला. सोळाजणांची जन्मतारीख एक जून. घरच्यांना तारीख सांगता आली नाही, की आम्ही मास्तर लोक एक जून लिहून टाकायचो.

"गुरुजी, सोळा राण्या झाल्या की!" कुणीतरी ओरडलं.

शेवटी मार्चमधली आमिना सापडली. गयासोद्दीन यांची मुलगी, शाळेमागच्या मोहल्ल्यातली. ती ओढणी सावरत माझ्या खुर्चीत बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते.

पंतप्रधान कावेरीनं पहिला कायदा मांडला: मधल्या सुट्टीत अर्धं मैदान मुलींच्या लंगडीसाठी. वसंता क्रिकेटच्या वतीनं जोरात भांडला. सात विरुद्ध पाच, कायदा मंजूर झाला. कागद राणीपुढे गेला. आमिनानं तो वाचला आणि हळूच विचारलं, "मंग पोरांचा चेंडू इकडं आला तर?"

"शाब्बास," मी म्हणालो. "राणीला विचारता येतं. इंग्लंडात पंतप्रधान आठवड्यातून एकदा राणीला भेटतो. ती विचारते, सल्ला देते, सांभाळून राहा म्हणून सांगते. पण शेवटी संसदेनं ठरवलेल्या कायद्यावर ती सही करते. जवळजवळ तीनशे वर्षांत तिथल्या कुठल्या राजानं किंवा राणीनं सही अडवलेली नाही."

"आन् अडवली तर?"

"तर लोक विचारतील, बाई, तुला निवडलं कुणी?"

आमिनानं सही केली. टाळ्या वाजल्या. पण वसंताचं समाधान झालं नव्हतं. "सहीपुरतीच असंल तर राणी ठिवायची कशाला?"

प्रश्न चांगला होता, आणि त्याला उत्तरही चांगलं आहे. सरकारं येतात, जातात, एकमेकांशी भांडतात. अशा वेळी देशाच्या नावानं सही करणारं कुणीतरी त्या भांडणाबाहेरचं असावं, असं तिथल्या लोकांना वाटतं. आपल्याकडे त्या जागी राष्ट्रपती असतात, आणि ते निवडलेले असतात. एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण तास संपत आला होता, वर्ग रंगात आला होता, आणि मला आणखी एक हशा हवा होता.

"अरे, इतक्या लांब कशाला जाता?" मी म्हणालो. "आपल्या गावात बघा की. सही झुंबरबाईंची, कारभार पुंजारामभाऊंचा. झुंबरबाई म्हणजे आपली इंग्लंडची राणीच!"

हशा तर असा झाला, की शेजारच्या वर्गातले गुरुजी डोकावून गेले.

झुंबरबाई आमच्या गावच्या सरपंच होत्या. बायकांसाठी सरपंचपद राखीव झालं तेव्हा त्या वॉर्डातून निवडून आल्या, आणि सदस्यांनी त्यांना सरपंच केलं. पण ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसायचे त्यांचे मालक, पुंजारामभाऊ. गाव 'सरपंच' म्हणून हाक मारायचं ती पुंजारामभाऊंना. पंचायतीचा शिपाई कचरू ठरावाचं रजिस्टर घरी घेऊन जायचा आणि झुंबरबाई हातातलं काम थांबवून सही करायच्या. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

आणि कावेरी ही झुंबरबाईंची मुलगी.

ती हसली नाही. मैदानाच्या कायद्याचा कागद तिनं घडी घालून दप्तरात ठेवला आणि घंटा होईपर्यंत फळ्याकडे बघत बसली. शाळा सुटली तेव्हा वसंता आणि दोघंतिघं तिच्या मागून ओरडत चालले होते.

"राणीसाहेब कुठं गेल्या हो?"

"राणीसाहेब भाकरी थापून राह्यल्या!"

मी ऐकलं. पोरं आहेत, विसरतील, असं म्हणून मी वर्गाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शाळा सुटल्यावर कावेरी मागे थांबली.

"गुरुजी, एक इचारू?"

"विचार की."

"इंग्लंडच्या राणीला कुनीच निवडलेलं न्हाई ना?"

"कुणीच नाही. राजाच्या घरात जन्मली म्हणून राणी."

"आन् माझ्या आईला?"

"आईला तुमच्या वॉर्डानं निवडून दिलं. मग सदस्यांनी मिळून सरपंच केलं."

"मला वर्गात पंतप्रधान केलं तसं?"

"अगदी तसंच."

"मंग आई राणी कशी झाली, गुरुजी? ती तर पंतप्रधान झाली." तिनं खालचा ओठ दातात धरला. "आन् आप्पांना कुनी निवडलं?"

मुलांनो, तोवर मला शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. बेरजा चुकलो असेन, एखादी सनावळी चुकलो असेन. पण एखादा धडा इतका उलटा मी कधी शिकवला नव्हता. राणी सहीपुरती असते, कारण तिला कुणी निवडलेलं नसतं. सत्ता निवडलेल्यांकडे राहावी म्हणून तर ती सारी व्यवस्था आहे. जिला लोकांनी निवडलंय तिनं नुसती सही करायची आणि ज्याला कुणीच निवडलं नाही त्यानं खुर्चीत बसायचं, हे राजा-राणीच्या देशातदेखील कुणी चालू देत नाही. बारा वर्षांच्या मुलीला ते एका रात्रीत कळलं होतं. मी मात्र एका हशासाठी तिच्या आईला चेष्टेत ओढलं होतं.

कान गरम झाले माझे. मी म्हणालो, "कावेरी, चुकलं माझं. उद्या वर्गात सांगतो."

"समद्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

बुधवारी मी वर्गात गेलो आणि गणिताचं पुस्तक उघडलं. गुरुवारी शुद्धलेखन घेतलं. शुक्रवारी कविता पाठ करून घेतल्या. रोज मी वर्गात शिरलो, की कावेरी सरळ होऊन बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. तास संपला, की पुन्हा पाठ वाकवून दप्तर आवरायची. ते सरळ बसणं मला दिसत होतं, आणि ते बघायला लागू नये म्हणून मी खिडकीकडे बघून शिकवत होतो.

का नाही सांगितलं? कारण वर्गात बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. खऱ्या सरपंच झुंबरबाई आहेत, पुंजारामभाऊ त्या खुर्चीत बसणारे कुणीच नाहीत, असं मी म्हटलं असतं तर ते भाऊंच्या कानावर गेलं असतं. आणि मला भाऊंची गरज होती. माझी बायको आणि दोन्ही मुलं जालन्याला राहत, मी इथे एकटा; शनिवारच्या गाडीनं घरी जायचो. जालन्याजवळ बदली व्हावी म्हणून मी अर्ज केला होता, आणि वरच्या लोकांशी बोलण्याचं भाऊंनी कबूल केलं होतं. इतकंच कारण. याहून मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं.

त्याच दिवसांत गावाला एक हातपंप मंजूर झाला होता. तो शाळेजवळ व्हावा असा अर्ज मीच पंचायतीला दिला होता. मोहल्ल्यातल्या मुली दुपारच्या वेळी पाऊण मैलावरच्या विहिरीवर जात. आमिना त्यांतलीच. त्या वर्षी दुपारचे निम्मे तास तिनं ऐकलेच नव्हते. सदस्यांची बैठक झाली, तिचे वडील गयासोद्दीन सदस्य होते, त्यांनी सुचवलं आणि बाकीच्यांनी मान्य केलं: पंप शाळेच्या कोपऱ्यावर, मोहल्ल्याच्या तोंडाशी. अर्ज माझा म्हणून मलाही बोलावलं होतं, मी दारात उभा होतो. माझ्या कानांनी ऐकलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कचरू मला बोलवायला आला. "गुरुजी, सरपंचांनी बोलावलं. जल्दी चला म्हन्ले."

पंचायतीत पुंजारामभाऊ एकटेच होते. पुढे ठरावाचं रजिस्टर. ग्रामसेवकाचं अक्षर त्याचं त्यालाही वाचता येत नसे, म्हणून कधीमधी ठराव उतरवून द्यायला भाऊ मला सांगत.

"बसा, गुरुजी. ग्रामसेवक भोकरदनला गेले. येत्या आठवड्यात ठराव तालुक्याला पायजे. तेवढा पंपाचा ठराव तुमच्या अक्षरात लिवा."

मी पेन काढलं. भाऊ सांगू लागले. गावातील पिण्याच्या पाण्याची अडचण लक्षात घेऊन मंजूर हातपंप पुंजाराम यांच्या आखाड्याजवळील जागेत घेण्याचे...

आखाडा म्हणजे त्यांचं शेतातलं ठाणं. गोठा, कडब्याची खोली आणि बैलांची दावण. मी पेन थांबवलं.

"भाऊ, बैठकीत तर शाळेजवळ ठरलं होतं."

"शाळेजवळ पानीच न्हाई. पानाड्याला दाखिवलं म्या. बिलकुल खडक हाय म्हनला."

"पाणाडी कधी आला होता?" मी विचारलं. पाणाडी म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा.

"आल्ता की. तुम्ही जालन्याला गेल्ता तव्हा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आन् तुमच्या बदलीचं परवा बोललो म्या. मार्चात बराबर करतो म्हन्ले सायेब."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, मुलांनो. वळणदार, ठसठशीत, आणि शिरोरेघ कुठे हलत नाही. त्या अक्षरात मी 'सर्वानुमते' असा शब्दही लिहिला. 

"चला, तुम्हीबी घरी चला," भाऊ उठत म्हणाले. "सही बी व्हईल आन् च्या बी."

झुंबरबाई ओसरीवर कापसातली वाळली पत्ती निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून पदर पुढे ओढला, जरा सरकल्या, कावेरीला चहा ठेवायला सांगितलं. कचरूनं रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. साक्षरतेच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या, अक्षरं लावून वाचायलाही येत होतं, पण सावकाश. आणि सावकाश वाचण्याइतका वेळ त्यांना कुणी कधी दिलाच नव्हता. पदराला हात पुसून त्यांनी पेन घेतलं.

तेवढ्यात कावेरी चहा घेऊन आली. कप खाली ठेवताना तिची नजर रजिस्टरावर गेली आणि तिचा चेहरा फुलला.

"आई, हे तर गुरुजींचं अक्षर हाय!"

चार दिवस तिनं माझ्याकडे बघून असा चेहरा केला नव्हता. तिला वाटलं, गुरुजींनी लिहिलंय म्हणजे काहीतरी चांगलंच असणार. माझ्याकडे बघून हसली ती. मी चहाच्या कपात बघत राहिलो.

"थांब, मी वाचून दाखिवते," ती म्हणाली.

"वाचायचं काय त्यात?" भाऊ म्हणाले. "सही कर, कचरूला जायचंय."

"मला काय घाई न्हाई, मालक," कचरू म्हणाला. "च्या व्हायचाय माझा अजून."

कावेरी वाचू लागली. पहिली ओळ झरझर वाचली. दुसऱ्या ओळीत तिचा आवाज अडखळला. "...पुंजाराम यांच्या... आखाड्याजवळील जागेत..." ती थांबली. मग उरलेलं हळूहळू वाचलं, एकेक शब्द तोडून. "घेण्याचे... सर्वानुमते... ठरले."

झुंबरबाईंनी पेन वर उचललं. "आखाड्याजवळ? आन् शाळेपाशी ठरलं म्हनत व्हते ना?"

"कोन म्हनलं?" भाऊंनी विचारलं.

"सुगराबी. काल साखर घिऊन आल्ती. पंप झाला म्हनून मोहल्ल्यात वाटली तिनं. माझ्या हातावर बी ठिवली." सुगराबी म्हणजे आमिनाची आई. "खाल्ली की म्या ती साखर."

भाऊंनी चहाचा कप उचलला.

"गुरुजी," झुंबरबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिवलं तुम्ही. तुम्ही सांगा. बैठकीत काय ठरलं व्हतं?"

त्या क्षणी मला बदली आठवली नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. आठवली. मुलं आठवली, शनिवारची गाडी आठवली. कावेरी हातात रिकामा ट्रे धरून माझ्याकडे बघत होती, आणि आता ती सरळ उभी नव्हती.

"शाळेजवळ," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक निघाला, की कचरू म्हणाला, "काय म्हन्ले?"

"शाळेजवळ ठरलं होतं. भाऊंनी सांगितलं म्हणून मी हे असं लिहिलं. खोटं आहे हे मला लिहिताना माहीत होतं."

पुंजारामभाऊ आधी हसले. "अवं गुरुजी, तुम्हीबी!" मग हसू गेलं. "आन् तुम्हीच तर वर्गात शिकिवलं ना, ही आपली इंग्लंडची राणी हाय म्हनून? समद्या गावानं सांगितलं मला. लई भारी म्हन्ले तुम्ही. मंग राणी कुठं इचारत बसती? तिनं सही करायची."

म्हणजे तो विनोद त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि त्यांना आवडला होता.

"मलाबी कळलं ते," झुंबरबाई म्हणाल्या. "विहिरीवर बाया हासून राह्यल्या व्हत्या."

मला त्या ओसरीवरून उठून जावंसं वाटलं. पण जायचं कुठे?

"भाऊ," मी म्हणालो, "मी चुकीचं शिकवलं. राणीला कुणी निवडलेलं नसतं, म्हणून ती निवडलेल्यांचं ऐकते. इथे निवडलेल्या या आहेत. यांनी तुमचं ऐकून सही करायची, असं कुठल्याही पद्धतीत बसत नाही. आणि त्या राणीलासुद्धा सहीच्या आधी विचारता येतं. यांना तेवढंही कुणी विचारू दिलं नाही. मीसुद्धा."

"हे वर्गात सांगायचं व्हतं," कावेरी म्हणाली.

"हो. सोमवारी सांगतो."

"मंगळवारी बी असंच म्हन्ले व्हते तुम्ही. उद्या सांगतो म्हनून."

मी कप खाली ठेवला. 

झुंबरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "ही सही मी करीत न्हाई."

"अगं, लोकं काय म्हनतील?" भाऊंचा आवाज चढला. "पुंजारामला त्याची बायकू इचारीत न्हाई म्हनतील. चौकात माझी इज्जत घालवती का?"

"तुमचीच वाचवून राह्यले. मोहल्ल्यातून जाता-येता मला तोंड दाखवायचंय. साखर खाऊन गप बसली म्हनतील त्या." त्यांनी पुढ्यातला कापूस बाजूला सारला. मग मला विचारलं, "गुरुजी, पंप कुठं घ्यायचा ते मी एकटीनं ठरवायचं असतं का?"

"नाही. ते सदस्यांनी ठरवायचं. तुम्ही बैठक बोलवायची आणि तिथे खुर्चीत बसायचं. खरंच खडक असेल तर पाणाड्यालाही तिथेच बोलवा, सगळ्यांसमोर सांगू द्या."

"खुर्चीत?"

"सरपंचांची खुर्ची आहे ती."

"मंग बोलवते," त्या म्हणाल्या. "लिवा."

कावेरीनं वही फाडून कागद दिला. झुंबरबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. सदस्यांची बैठक, बुधवारी सकाळी नऊ वाजता, विषय हातपंपाची जागा. मी कागद पुढे केला तर त्यांनी लगेच सही केली नाही. ओठ हलवत, अक्षर लावत, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं. बराच वेळ लागला. चहा गार झाला. कुणी घाई केली नाही, भाऊंनीही नाही. ते खांबाला टेकून अंगणातल्या बैलगाडीकडे बघत होते. मला पहिल्यांदा वाटलं, की लाज एकट्या मलाच वाटत नाहीये.

सही झाली. झुंबरबाईंनी कागद कचरूकडे धरला. "बाकीच्या सहाही सदस्यांच्या घरी दाखीव. वाचल्याची सही घिऊन ये."

कचरूनं कागद घेतला नाही. त्यानं भाऊंकडे बघितलं. भाऊ काही बोलले नाहीत, मानही हलवली नाही.

"मालकांनी सांगितल्याबिगर मी कसा जाऊ, झुंबरकाकू?" कचरू म्हणाला. "माझ्या पोटावर पाय नगा आनू."

कागद तसाच हवेत राहिला. मी नेतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण शब्द जुळवेपर्यंत कावेरीनं ट्रे खाली ठेवला होता. तिनं आईच्या हातातून कागद घेतला.

"कावेरे, बस खाली," पुंजारामभाऊ म्हणाले.

ती क्षणभर थांबली. आप्पांचं न ऐकण्याची तिला सवय नव्हती. "आप्पा, मी जाऊन येते," ती म्हणाली आणि पायरी उतरली. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

मी उठून तिच्या मागे गेलो, पण बरोबरीनं चालायचं धैर्य झालं नाही. दहाबारा पावलं मागेच राहिलो. ती शाळेच्या कोपऱ्यावरून वळली आणि मोहल्ल्यातल्या पहिल्या घराशी थांबली. दारात आमिना घागर घासत होती. तिनं आत हाक मारली आणि गयासोद्दीन टोपी सारखी करत बाहेर आले.

"चाचा, सरपंचांनी बैठक बोलावलीय. बुधवारी, नऊ वाजता. पंपासाठी."

"सरपंचांनी?" ते गोंधळले. "पंपाचं तर झालं ना, बेटा? पुंजारामभाऊनं पाठवलं का तुला?"

आजूबाजूच्या दारांतून दोघीतिघी बाया बाहेर येऊन बघू लागल्या होत्या. त्यांतल्या एकीनं तोंडाला पदर लावला. बहुतेक हसायला. कावेरीनं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग तिनं कागद वर धरला, खालच्या सहीतलं आईचं नाव आणि त्यापुढचा 'सरपंच' हा शब्द सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचला, गयासोद्दीन यांच्याकडून वाचल्याची सही घेतली आणि पुढच्या सदस्याच्या दाराकडे चालू लागली.